वडूजची थंडी आणि आजोबांचं घोंगडं

मुलांनो, सातारा जिल्ह्यातली थंडी म्हटलं की तुम्हाला महाबळेश्वरच आठवतं, हो की नाही? पण त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे, येरळा नदीच्या काठी वडूज आहे. तिथली पौषातली पहाट एकदा अनुभवाच! मी एस.टी.तून उतरलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. दुपारी मात्र स्वेटर काखेत! महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इकडे जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. सह्याद्रीच बहुतेक पाऊस अडवून घेतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र, म्हणून दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते.

या हवेशी कसं जमवून घ्यायचं, ते इथल्या धनगरांना विचारावं. गावाबाहेर एका शेतात वाघर लावलेली दिसली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. आत थोडी मेंढरं, कोकरं. राखणीला एक आजोबा, अंगावर काळं घोंगडं.

"बाकीची मंडळी कुठं, आजोबा?"

"दिवाळी झाली की कोकणात गेली. तिकडं ऊब अस्ती, चारा बी घावतो."

कोकणात भात काढलेल्या शेतात मेंढरं बसवली की शेताला लेंडीखत मिळतं, शेतकरी बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. मृगाच्या आधी कळप माघारी फिरतात. तिकडच्या पावसात, चिखलात मेंढरांचे खूर कुजतात ना!

आजोबांनी घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. बाप रे, काय टोचलं! लोकरीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ते असं ताठ. पण पाच मिनिटांत ऊब आली. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते, ती अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

"मग मेंढरांना थंडीची काय भीती?" मी विचारलं.

"नुसत्या थंडीची न्हाई, लेकरा. थंडीत पाऊस आला, की खेळ खलास."

खरंच होतं ते. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आला आणि पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. लोकर चिंब भिजली, की तिच्यातल्या हवेची जागा पाणी घेतं. उघड्या माळावर त्यांना न्यायचं तरी कुठं?

निघताना पश्चिमेला ढग दिसले. आजोबांनी घोंगडं मागून घेतलं, दोन कोकरं त्याच्या आत ओढली आणि ते आभाळाकडे बघत बसले.