एका सामायिकाएवढी झोप

पर्युषणाला आठवडा उरला असताना नाना पेठेतील एका घरात मध्यरात्रीनंतर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ बाळाचे रडणे ऐकू आले. नऊ महिन्यांचे बाळ दिवाणावरून खाली पडले होते. दोन्ही बाजूंना लोड लावलेले होते, पायाशी उशी होती. तरीही ते लोड ओलांडून पलीकडे गेले. रात्रीच डॉक्टरांकडे नेले. कपाळावरील टेंगळाखेरीज काही निघाले नाही. परंतु घरी परतल्यावर त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बाळ जागे असताना पडले नव्हते. गेले पंधरा दिवस ते रात्री मधूनच उठून बसे, आणि डोळे मात्र मिटलेलेच असत. कधी गुडघ्यांवर येऊन पुढे-मागे झुलत राही. कधी उशाकडे निजवलेले बाळ पहाटे पायथ्याशी सापडे. मार्केट यार्डातील भुसार दुकान सकाळी उघडायचे म्हणून वडिलांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली होती. शेजारणीने दृष्ट काढायला सांगितले. घरात सगळे ज्यांना दादी म्हणतात त्या सासूबाईंनी आपला निकाल दिला, "या घरात सहा लेकरं वाढवली मी. एकही कधी पडलं नाही. झोळी बांध, घट्ट गुंडाळून ठेव, गुमान झोपेल."

त्या बोलण्यात रागाचा सूर नव्हता. सुनेला मात्र त्यातून एवढेच ऐकू आले की, तिचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी दोघींना समोर बसवून जे समजावले, ते लहान मूल असलेल्या प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचे असते. बाळाचे पन्नास ते साठ मिनिटांचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. मोठी माणसे त्या वेळी कूस बदलतात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. बाळही तेच करते. पण नव्याने रांगू लागलेले बाळ नुसती कूस बदलून थांबत नाही. दिवसभर जे शिकले, तेच त्याचे अंग रात्रीही करू पाहते. इस्राएलमधील हैफा विद्यापीठात अनात शेर यांनी केलेल्या अभ्यासातही हेच आढळले, की रांगणे सुरू होण्याच्या सुमारास बाळे रात्री अधिक वेळा जागी होतात आणि पुढे हळूहळू त्यांची झोप पूर्ववत होते.

याशिवाय बाळाच्या झोपेचा मोठा भाग चंचल असतो. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या प्रकारची असते. पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, मूठ उघडते आणि मिटते. मोठ्यांच्या स्वप्नावस्थेत शरीराचे स्नायू जवळपास पूर्ण शिथिल होतात. बाळात ही व्यवस्था अजून पक्की झालेली नसते. झोपेतील ही अवस्था विज्ञानाला प्रथम नीट दिसली, तीही बाळांमुळेच. शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांच्या डोळ्यांची हालचाल तासन्‌तास पाहत बसत. पुढे त्यांनी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेची नोंद यंत्रावर घेतली, आणि १९५३ साली नॅथानियल क्लाइटमन यांच्यासह तो शोध प्रसिद्ध केला.

"बाळाला थांबवू नका, जागा सुरक्षित करा," असे डॉक्टरांनी सांगितले. दिवाण बंद. आईच्या गादीशेजारी जमिनीवर बाळाची वेगळी, सपाट, घट्ट भरलेली गादी. लोड, उशा, मऊ खेळणी, जाड गोधडी आणि डोके गोल व्हावे म्हणून माहेरून आलेली मोहरीची उशीसुद्धा बाजूला. कारण तोंड त्यात रुतले तर एवढ्याशा जिवाला ते सोडवता येत नाही. गळ्यातील काळा दोरा रात्री काढायचा. गादी आणि भिंत यांच्यात फट नको. झोपवताना पाठीवरच निजवायचे. अमेरिकेत १९९४ पासून ही मोहीम घरोघर पोहोचली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. मात्र बाळ दोन्ही बाजूंना आपण होऊन वळू लागले असेल, तर रात्रभर उठून त्याला पुन्हा पुन्हा उताणे करण्याची गरज नाही. पालथे पडू लागलेल्या बाळाला गुंडाळून ठेवणे धोक्याचे, आणि गुडघ्यांवर उठणाऱ्याला झोळी.

काळजीची लक्षणेही त्यांनी सांगितली. हात-पाय हलके धरल्यावर किंवा बाळ जागे झाल्यावरही न थांबणारे झटके, झोपेतून उठताच एकामागून एक येणारे आचके, ओठ निळे पडणे, श्वास अडखळणे. असे काही दिसले तर मोबाइलवर चित्रण करून विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

दादी काही बोलल्या नाहीत. जयणा हा शब्द त्या घरात रोजचा. पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पेटवण्याआधी बर्नर पुसताना जीव पाहायचा, हे त्यांनीच सुनेला शिकवले होते. दशवैकालिक सूत्रात चालण्या-बसण्याबरोबर झोपण्यातही यतना सांगितली आहे, हे त्यांना ठाऊक होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लोड उचलून माळ्यावर ठेवले.

त्या रात्री अडीच वाजता त्या सुनेच्या खोलीत आल्या. "तू झोप. मी इथंच सामायिक करते." कोपऱ्यात आसन घालून, मुहपत्ती बांधून त्या बसल्या. समोर वाळूचे घड्याळ. लागोपाठ तीन सामायिके, प्रत्येक अठ्ठेचाळीस मिनिटांचे.

पहिल्या सामायिकाची वाळू संपत आली तशी बाळाची चुळबुळ सुरू झाली. ते गुडघ्यांवर आले, झुलले, मिटल्या डोळ्यांनी बसले आणि कुरकुरले. दादींचे हात पुढे गेले, आणि मागे आले. सामायिकात बाळ उचलायचे नसते. ते पडण्यासारखे काही नव्हते. गादी जमिनीवर होती, आई हाताच्या अंतरावर. त्या मनात नवकार मोजू लागल्या. सत्तावीस पुरे होण्याआधी बाळाने डोके टेकले आणि ते तसेच उपडे झोपी गेले. दुसऱ्या सामायिकाच्या शेवटी तेच घडले. तिसऱ्यांदा मात्र ते डोळे उघडून खरेच रडले. त्याला भूक लागली होती, आणि आईने त्याला पाजले.

सकाळी त्या म्हणाल्या, "बेटा, त्याची झोप एका सामायिकाएवढी आहे. आपणच त्याला दर वेळी उचलून, दिवा लावून जागं करत होतो." मग थोडे हसून म्हणाल्या, "शास्त्रात निद्रेचे पाच प्रकार सांगितलेत. बसल्या-उभ्या येते ती प्रचला, चालता चालता येते ती प्रचलाप्रचला. याला अजून चालता येत नाही, पण बसल्या झोपेपर्यंत पोहोचलाय."

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून सगळे घरी आले. सून पाया पडून मिच्छामि दुक्कडं म्हणाली. दादींनी तिचे हात धरून ठेवले.

"मी तुला खोटं सांगितलं होतं. माझं लेकरू पडलं होतं. तुझाच नवरा, सात महिन्यांचा असताना, रात्री पलंगावरून. त्याच्या भुवईवरची खूण तीच. मी सासूबाईंना सांगितलं, दिवसा पायरीवर आपटला. अठ्ठावीस वर्षं तेच सांगत आले. मिच्छामि दुक्कडं, बेटा."

सुनेला काही बोलता आले नाही. दाराशी उभा असलेला मुलगा भुवईवरून बोट फिरवत राहिला.

त्या रात्री बाहेरच्या खोलीतील गादी आत आली. दोनच्या सुमारास बाळ उठून बसले. वडिलांनी घाईने हात पुढे केले, तोच पलीकडून बायकोचा दबका आवाज आला, "थांबा. आधी सत्तावीस नवकार मोजा."

ते मोजू लागले. एकोणिसाव्याला बाळ आडवे झाले.