चिंगीचे पहिले वर्ष

कुत्रीचे पिल्लू जन्मल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे स्वतःहून लघवी करू शकत नाही. आई त्याच्या ओटीपोटाखालचा भाग जिभेने चाटते तेव्हाच मूत्राशय रिकामे होते, आणि बाहेर आलेले मूत्रही तीच चाटून टाकत असल्यामुळे घरच्या माणसांना या व्यवहाराचा पत्ताच लागत नाही. पुढे मज्जासंस्था पक्व होत जाते तसतसा हा ताबा पिल्लाकडे येतो, परंतु तो पुरता यायला काही महिने जातात. म्हणून तीन-चार महिन्यांच्या पिल्लाने सोप्यावर ओले केले तर त्याला कोणी आजार म्हणत नाही, पोरकटपणा म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण या सवलतीच्या आडोशाला खरे दुखणे बराच काळ लपून राहू शकते. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील पाळी या गावी एका शेतकरी घरात वाढलेल्या चिंगी नावाच्या गावठी कुत्रीच्या बाबतीत तसेच घडले.

पाळी हे साखळीच्या पट्ट्यातले, लोहखनिजाच्या खाणींच्या सहवासात वाढलेले गाव आहे. 2012 साली गोव्यातील खाणी प्रथम बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ चालून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तरी खाण चालू असो वा बंद, कोणत्याही दुखण्याला आधी धूळ आणि मग विहिरीचे पाणी जबाबदार धरण्याची रीत या भागात रुजली आहे. कुत्र्यांचे म्हणाल तर इथली बहुतेक कुत्री अर्धी घरची, अर्धी वाड्याची असतात. जेवण एका दारात, झोप दुसऱ्याच्या पडवीत आणि राखण साऱ्यांच्या काजूबागांची. गोव्यात गेल्या दशकात रेबीजविरोधी लसीकरणाची जी मोठी मोहीम चालली आणि जिच्यामुळे 2021 मध्ये हे राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तिच्यात लस टोचणारी माणसे अशा वाड्यावाड्यांत पोहोचली. त्यामुळे कुत्र्याला सुई टोचून घ्यायची असते एवढे आता घरोघरी ठाऊक आहे. त्याची लघवी तपासून घ्यायची असते, हे मात्र अजून तितकेसे ठाऊक नाही.

चिंगी घरी आली ती आईपासून तुटल्यावर लगेच, पावसाळ्याच्या तोंडावर. तिला जे खायला मिळाले ते गोव्यातल्या कोणत्याही घरात पिल्लाला मिळते तेच होते: सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमणातला रस कालवलेला भात, कधी बांगड्याचे डोके, रात्री गायीच्या दुधात चुरलेला पाव. तिसरा महिना सरत आला तेव्हा ती वारंवार बसू लागली. अंगणात चार पावले गेली की बसायची, दोन थेंब पडायचे, उठून पुन्हा दोन हातांवर बसायची, आणि मधल्या वेळात मागची जागा चाटत राहायची. घरातल्या आजींनी निदान केले ते ‘उष्णता’; त्यावर जिऱ्याचे पाणी, तवशाच्या फोडी आणि ताक असा उपाय सुरू झाला, आणि मासळी बंद झाली. घरातल्या मुलांचे मत असे की ती मुद्दाम करते, म्हणून प्रत्येक ओल्या जागी तिला ओरडा बसू लागला. ओरडा बसला की ती कान पाडून, अंग चोरून तिथेच आणखी थोडे मुतायची, आणि मुलांना आपले मत सिद्ध झाल्यासारखे वाटायचे. वास्तविक ही शेवटची गोष्ट आजारही नसते आणि हट्टही नसतो. मोठ्या कुत्र्यासमोर किंवा रागावलेल्या माणसासमोर पिल्लू आपण लहान आहोत हे अशा रीतीने कबूल करते, तिला शरणागतीची लघवी म्हणता येईल, आणि ओरडण्याने ती वाढतेच.

लघवीच्या तक्रारीत पशुवैद्याला सर्वांत उपयोगी पडते ते औषधाचे नाव नव्हे, तर घरच्यांनी नीट पाहून सांगितलेले वर्णन. तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पिल्लू वारंवार बसते, जोर करते आणि थोडे थोडेच करते, तेव्हा दोष बहुधा मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात असतो: जंतुसंसर्ग, खडे किंवा दोन्ही. पिल्लू भरपूर पाणी पिते आणि प्रत्येक वेळी भरपूर लघवी करते, तेव्हा लक्ष मूत्रपिंडांकडे वळते, कारण जन्मतः नीट न घडलेली मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. पिल्लू खेळते, खाते, वाढते, नेहमीसारखे बसून लघवीही करते, पण झोपले की अंथरूण ओले होते आणि मागचे केस कायम दमट राहतात. यात मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता त्याच्या पुढे, मूत्रमार्गात किंवा योनीत उघडलेली असण्याचा संभव असतो. या जन्मजात दोषाला स्थानभ्रष्ट मूत्रवाहिनी म्हणता येईल. तो माद्यांत नरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की अशा जातींत विशेष, आणि त्यावर इलाज शस्त्रक्रियेचा, पथ्याचा नव्हे. नर पिल्लू जोर करते आणि थेंबही पडत नाही, तर मात्र वर्णने जुळवीत बसायला वेळ नसतो. कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते, त्याच्या खोबणीतून मूत्रमार्ग जातो, आणि खडा अडकतो तो बहुधा त्या हाडाच्या मागेच. अशा वेळी उद्याची वाट पाहणे म्हणजे जीव गमावणे होय.

चिंगीचे वर्णन पहिल्या प्रकारात बसत होते, पण ते तसे कोणी मांडेपर्यंत ताक-तवशाचे पथ्य बरेच दिवस चालले. शेवटी लघवीत गुलाबी छटा दिसली तेव्हा तिला जनावरांच्या दवाखान्यात नेण्यात आले, आणि डॉक्टरांनी पहिली मागणी केली ती नमुन्याची. पिल्लाची लघवी धरणे हे काम ऐकायला वाटते त्याहून अवघड आहे. पहाटे, झोपेतून उठल्याबरोबर तिला दोरीने धरून अंगणात न्यायचे, ती बसली की मागून उथळ, धुऊन कोरडी केलेली ताटली हळूच सरकवायची. पहिली धार वाया जाऊ द्यायची, मधली धरायची. चिंगी ताटलीकडे वळून पाहायची, उठायची आणि ताटलीच चाटायला यायची. अखेर घरच्या काकींनी आमटीच्या लांब दांड्याच्या डावाने हे साधले, आणि त्या दिवसापासून तो डाव स्वयंपाकघरातून कायमचा बाद झाला. नमुना अर्ध्या-एक तासात तपासला जाणे इष्ट असते. शीतकपाटात ठेवला तर जंतू वाढत नाहीत हे खरे, पण थंडीमुळे लघवीतले क्षार स्फटिकरूपाने खाली बसतात आणि मुळात नसलेले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. जंतूंची जात ओळखण्यासाठी मात्र असा बाहेर धरलेला नमुना फारसा विश्वासार्ह नसतो, कारण त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. त्यासाठी पोटाच्या भिंतीतून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून लघवी काढतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पिल्लू मात्र लस टोचल्याइतकेच कुरकुरते.

तपासणीत संसर्ग निघाला, पांढऱ्या पेशी निघाल्या आणि स्ट्रूवाइट नावाचे, शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे स्फटिकही निघाले. स्ट्रूवाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा क्षार. आहार आणि संसर्ग यांचे नाते इथेच नेमके समजून घ्यावे लागते. स्टॅफिलोकॉकससारखे काही जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी लघवीत हा क्षार विरघळून न राहता घट्ट होतो. कुत्र्यांतले स्ट्रूवाइटचे खडे बहुतांशी असे जंतूंच्या करणीचे असतात. मांजरांत तसे नसते, आणि मांजरांचे नियम कुत्र्यांना लावल्यानेच पथ्याविषयीचा निम्मा गोंधळ माजतो. म्हणजे चिंगीच्या ताटातली मासळी या दुखण्याची आरोपी नव्हतीच. जंतू गेले की स्फटिक आपोआप जाणार होते, आणि झालेही तसेच. औषध निवडताना डॉक्टरांनी वयाकडे पाहिले, कारण एन्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातली प्रतिजैविके वाढत्या पिल्लाच्या सांध्यांतील कूर्चेला इजा करू शकतात. घरातल्या माणसांसाठी आणून उरलेली गोळी अर्धी मोडून पिल्लाला देण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यातला धोका या एका उदाहरणावरून लक्षात यावा.

तरीही आहाराची काळजी व्यर्थ नव्हती, ती फक्त चुकीच्या अवयवासाठी केली जात होती. ताटातला खरा दोष मूत्राशयाला नव्हे, हाडांना भोवणार होता. वाढत्या पिल्लाच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक असावे लागते. भातात आणि निव्वळ मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य असते. अशा आहारावर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते, आणि पिल्लाचे पुढचे पाय वाकतात, कधी नुसत्या उडीने हाड मोडते. याच्या उलट टोकाला, डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमच्या बाटल्या पाजणारी घरेही आहेत. लहान पिल्लाचे आतडे आलेले कॅल्शियम फारसे नाकारू शकत नाही, त्यामुळे मोठ्या जातींत त्या बाटल्यांनीही हाडे बिघडतात. पेजेने पोट फुगते पण प्रथिने फार थोडी मिळतात. गायीचे दूध कुत्रीच्या दुधाच्या मानाने पातळ असते, त्यात दुग्धशर्करा मात्र जास्त, म्हणून पुष्कळ पिल्लांना ते ढाळ लावते. हुमणातला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, खाऱ्या सुक्या मासळीतले मीठ तहान वाढवते, आणि तळलेल्या बांगड्याचा काटा घशात काय करतो ते सांगायला नको. ‘मूत्रविकारासाठी’ म्हणून बाजारात मिळणारे खास खाद्यही चिंगीला देण्यासारखे नव्हते. खडे विरघळवण्याच्या काही खाद्यांत प्रथिने आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात, आणि वाढीच्या वयात तीच तर गरज असते.

डॉक्टरांशी बोलून ठरले ते असे: पिल्लांसाठीचे तयार खाद्य हा मुख्य आहार, कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा आणि महिना-दोन महिन्यांनी तीन वेळा, त्यावर चव म्हणून काटे काढलेली, बिनमिठाची उकडलेली मासळी किंवा उकडलेले अंडे. भिजवलेल्या खाद्यातून पाणी न मागता पोटात जाते, लघवी पातळ होते, जंतू धुतले जातात. जिऱ्याच्या पाण्याने साधले असेल तर तेवढेच, आणि ते साध्या पाण्यानेही साधते. आजींना हे पटायला वेळ लागला नाही. मासळी परत सुरू होणार, यावर त्यांचा आक्षेप नव्हता. त्याहून कठीण गेले ते बाहेर नेण्याचे वेळापत्रक. पिल्लू जितक्या महिन्यांचे तितके तास ते जागेपणी धरू शकते असा एक ढोबळ हिशेब आहे, पण सुजलेल्या मूत्राशयाला तोही लागू नसतो. म्हणून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर तिला एकाच माडाच्या आळ्याकडे नेले जाऊ लागले आणि ओरडा बंद झाला.

पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी घ्यावी लागली. उंदरांच्या मुतातून शेतांत, गटारांत पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, त्याच्या मूत्रपिंडांत घर करतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून चिंगीला त्याची लस देण्यात आली, आणि लस लागू पडेपर्यंत चिंगीने ओली केलेली जागा हातमोजे घालून जंतुनाशकाने पुसण्याची शिस्त पाळली गेली. कापलेल्या, उघड्या हातांनी, जुन्या लुगड्याच्या फडक्याने ते पुसून त्याच हाताने भाताची तपेली उचलणे ही गोष्ट खेड्यातल्या घरांत इतकी नित्याची आहे की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

औषध पुरे झाल्यावर दुसऱ्या तपासणीत लघवी स्वच्छ निघाली आणि गणेश चवथीच्या सुमारास चिंगी रात्रभर कोरडी राहू लागली. गणपतीच्या वरची माटोळी बांधायला आणलेल्या कांगल्या आणि नारळांच्या ढिगात ती झोपे, आणि तिला तिथून कोणी हाकलत नसे. शस्त्रक्रियेने तिचे बीजकोश काढावेत की नाही यावर घरात पुढे चर्चा झाली. मादीत या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी मूत्रमार्ग आवळणारा स्नायू सैल पडतो, त्यातून चिंगी पूर्वी लघवीचे दुखणे झालेली, म्हणून डॉक्टरांनी ती पुरती वाढेपर्यंत थांबायला सांगितले. नंतर शस्त्रक्रिया झाली, आणि गळती झाली नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या घरी एक लॅब्राडॉरचे मादी पिल्लू आले आणि ते अंथरूण ओले करते म्हणून त्याचे दूध तोडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. चिंगीच्या घरच्या आजींनी विचारले ते एवढेच, की ती जागी असताना बसून करते की झोपेत गळते. झोपेत गळत होते. त्या पिल्लाची सोनोग्राफी झाली, शंका आल्यावर रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे काढली गेली, आणि डावी मूत्रवाहिनी मूत्राशयाला टाळून खाली उतरलेली आढळली.