अण्णांची घरगल्ली

आमचे अण्णा मुंबई महापालिकेत सफाई कामगार होते. त्यांची ड्युटी घरगल्लीत असे. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधला अरुंद बोळ. वरच्या मजल्यांचे पाइप तिथेच उतरतात आणि खिडकीतून फेकलेला कचराही तिथेच पडतो. घरी आल्यावर अण्णा आधी आंघोळ करीत, मगच आम्हाला जवळ घेत.

आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा कुणी विचारले तर "वडील महापालिकेत आहेत" एवढेच मी सांगे. नकाशा काढताना मीही इतरांसारखी पुढची बाजू सजवी आणि पाइप पाठीमागे ढकली. तिथे कोण उतरणार, हा प्रश्न अण्णांच्या मुलीलाही पडत नव्हता!

पुढे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली आणि मी लंडनला शिकायला गेले. २०१८ साली आम्हा काही विद्यार्थ्यांना रिचर्ड रॉजर्स यांनी स्थापन केलेली वास्तुविशारदांची कचेरी पाहायला नेले. रॉजर्स (१९३३-२०२१) यांना लहानपणी लिहिणे-वाचणे फार जड जाई. शाळेत ते मठ्ठ ठरले होते. त्याच मुलाने पुढे जगभर नावाजलेल्या इमारती उभ्या केल्या.

या कचेरीला स्वतःची लिखित घटना आहे, हे ऐकून मी कान टवकारले. मालकी धर्मादाय न्यासाची, कुणा एकाचा हिस्सा नाही. वरच्यांचा पगार खालच्यांच्या ठरावीक पटीपलीकडे जाऊ द्यायचा नाही, असाही नियम. बाबासाहेबांच्या लेकरांना घटनेचे मोल वेगळे सांगायला नको.

कचेरी चौदाव्या मजल्यावर होती. समोरच रॉजर्स यांनीच बांधलेली लॉइड्सची इमारत होती, १९८६ सालची. तिचे पाइप, जिने, बारा लिफ्ट, सारे बाहेरच्या अंगाला, चकचकीत! आम्हाला माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या, "इमारतीचा सांगाडा टिकतो, पाइप आणि लिफ्ट लवकर जुने होतात. ते बदलायला माणसाला सहज पोहोचता आले पाहिजे."

मग त्यांनी विचारले, "तुमच्या शहरांत पाइप कुठे असतात?"

मी घरगल्लीचे वर्णन केले. "तुला एवढे बारीक कसे ठाऊक?" त्यांनी विचारले. माझा घसा कोरडा पडला. मग म्हणाले, "माझे वडील तिथे काम करीत."

कुणी हसले नाही. बाईंनी कागद पुढे सरकवला. मी घरगल्ली काढली. त्यांनी एकच विचारले, "इथे माणसाला वाकता येते का?"

मला उत्तर देता आले नाही.

रात्री अण्णांना फोन लावला. आधी ते गप्पच राहिले. मग म्हणाले, "वाकता कुठलं येतंय पोरी? तिरकं चालायचं. झाकण उचललं तर ठेवायला जागा नाही. वरून काय पडेल त्याचा नेम नाही, म्हणून आधी हाळी द्यायची." त्या रात्री अण्णा अर्धा तास बोलले. एवढ्या वर्षांत आपल्या कामाबद्दल ते घरात असे कधी बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते.

पाइप तर आपल्याकडेही भिंतीच्या बाहेरच असतात. फरक आहे तो तिथे पोहोचणाऱ्या माणसाचा विचार करण्यात. बाबासाहेबांनी आपल्याला गलिच्छ कामे सोडायला सांगितले. पण आपण सोडले म्हणून ते काम संपत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. कुणालाच घाणीत उतरावे लागू नये, असा नकाशा काढणे हेही त्यांचेच काम आहे.

आज मी मुंबईत नकाशे काढते. प्रत्येक नकाशा आधी अण्णांना दाखवते. चष्मा लावून ते आधी पाठची बाजू पाहतात. परवा एका नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "इथं माणूस अडकेल."

मी भिंत सरकवली.

आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगते, आईवडिलांचे काम लपवू नका. त्यांना त्याबद्दल विचारा. जयभीम!