इटालियन : कागदावरून ओठांवर

एखादी भाषा कोठे बोलली जाते, हा प्रश्न सामान्यतः भूगोलाचा मानला जातो. इटालियनच्या बाबतीत तो वाङ्मयेतिहासाचाही आहे. इटली, सान मारिनो, स्वित्झर्लंडमधील तिचिनो आणि ग्राउब्युंडेनची काही खोरी ही यादी या भाषेचा आजचा मुलूख दाखवते. परंतु तस्कनीबाहेर ही भाषा कित्येक शतके प्रामुख्याने लेखनातच वावरत होती, हे तिच्यातून कळत नाही.

१५२५ साली पिएत्रो बेंबोने पद्यासाठी पेट्रार्क व गद्यासाठी बोकाचिओ हे आदर्श ठरवले. १६१२ च्या क्रुस्का अकादमीच्या कोशानेही मुख्यतः चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सचीच भाषा प्रमाण मानली. म्हणजे मान्यता मिळाली ती जिवंत बोलीला नव्हे, तर दिवंगत लेखकांच्या शैलीला.

या वारशाचा ताण आलेस्सांद्रो मान्झोनीइतका क्वचितच कोणी सोसला असेल. त्याच्या नित्य व्यवहारात मिलानी आणि फ्रेंच होती. इटालियन मुख्यतः ग्रंथांतून मिळवावी लागे. 'इ प्रोमेस्सी स्पोझी' १८२७ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तो फ्लोरेन्सला गेला आणि पुढे तेथील सुशिक्षितांच्या बोलण्याच्या आधारे त्याने साऱ्या कादंबरीची भाषा बदलली. ही आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. परिणामी कोमो सरोवराकाठचा, रेशमाच्या धंद्यातला रेंझो फ्लोरेन्सच्या वळणाने बोलू लागला. ज्या सामान्य माणसांना या कादंबरीने नायकत्व दिले, त्यांची बोली मात्र तिने बाजूस ठेवली.

एका शहराची भाषा देशावर लादता येत नाही, ती व्यापक बौद्धिक व्यवहारातूनच घडते, असा आक्षेप आस्कोलीने १८७३ मध्ये घेतला. तुल्लिओ दे माउरोच्या १९६३ मधील अंदाजानुसार १८६१ साली, एकीकरणाच्या वेळी, इटालियन वापरू शकणारे जेमतेम अडीच टक्के होते. पुढे कास्तेल्लानीने हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास नेले. कोणताही आकडा स्वीकारला, तरी बहुसंख्य जनता या भाषेबाहेरच होती. तिला आत आणले ते शाळा, सैन्य, स्थलांतर आणि १९५४ पासूनच्या दूरचित्रवाणीने.

पाझोलिनीचा १९४२ चा पहिला काव्यसंग्रह या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. तो फ्रिउलीत आहे. पण ती त्याच्या घरची भाषा नव्हे, आईच्या गावच्या शेतकऱ्यांची. मान्झोनी स्वतःच्या बोलीपासून सर्वांना सामाईक अशा भाषेकडे गेला. पाझोलिनी त्या सामाईक भाषेकडून मूठभरांच्या बोलीकडे वळला. दोघांनाही आपली भाषा आयती मिळाली नाही, निवडावी लागली. या निवडीत कोणाचे बोलणे ग्रंथात आले आणि कोणाचे वगळले गेले, हे समीक्षेने विचारलेच पाहिजे. केवळ शैलीचे सौष्ठव मोजून तिचे काम संपत नाही.