झाडलोटीपासून उपदेशपीठापर्यंत : चार्ल्स आल्बर्ट टिंडली

१/ 'हम होंगे कामयाब' हे समूहगीत महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या परिपाठात गायिले गेले आहे. गिरिजाकुमार माथुर यांनी ते 'वी शॅल ओव्हरकम' या इंग्रजी गीतावरून हिंदीत आणले. त्या इंग्रजी गीताचा माग काढीत गेल्यास एक वाट चार्ल्स आल्बर्ट टिंडली या कृष्णवर्णीय मेथडिस्ट पाळकाच्या दारी पोहोचते.

२/ टिंडलींचा जन्म १८५१ च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यात झाला. वडील गुलाम, आई स्वतंत्र. अपत्याचा दर्जा आईवरून ठरे, म्हणून ते जन्मतः मुक्त होते; तरीही बालपणीच परक्यांकडे मजुरीस जावे लागले. शाळा नशिबी नव्हती. वाटेत सापडलेले वर्तमानपत्रांचे कपटे जपून ठेवावेत आणि रात्री पाइनच्या जळत्या ढलप्यांच्या उजेडात अक्षरे लावावीत, असे त्यांचे शिक्षण झाले.

३/ यादवी युद्धानंतर फिलाडेल्फियात येऊन त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहिल्या, एका मेथडिस्ट चर्चमध्ये झाडलोट केली. टपालाद्वारे ग्रीक व सिनेगॉगच्या साहाय्याने हिब्रू शिकून, परीक्षा देऊन ते पाळक झाले. १९०२ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती त्याच झाडलोट केलेल्या मंडळीवर!

४/ तेव्हा सभासद जेमतेम सव्वाशे होते; पुढे ते हजारोंच्या घरात गेले. दक्षिणेतून पोटासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येत, भुकेल्यांना तेथे अन्न मिळे. दारिद्र्य, वादळ आणि ओझी यांविषयीची टिंडलींची भक्तिगीते याच माणसांच्या ओठी रुळली. 'स्टँड बाय मी' हे त्यांपैकीच एक. पुढे गॉस्पेल संगीताचे जनक मानले गेलेले थॉमस डॉर्सी यांच्यावर या गीतांचा मोठा प्रभाव होता.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी टिंडलींनी 'आय'ल ओव्हरकम समडे' हे गीत रचले. त्यातील निर्धार एकट्या भक्ताचा, 'मी'चा आहे. १९४५ मध्ये चार्ल्स्टन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्य होत्या. त्यांच्या तोंडी 'मी'च्या जागी 'आम्ही' आले. टेनेसीतील हायलँडर शाळेमार्गे ते गीत नागरी हक्कांच्या चळवळीत पोहोचले.

६/ येथे सावधगिरी हवी. चळवळीतील गीताची चाल टिंडलींची नाही. तिच्यात अन्य चर्चगीतांचे सूर मिसळले आहेत. शब्दांत टिंडलींचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९३३ मध्ये टिंडली निवर्तले, तेव्हा त्या संपाला अजून बारा वर्षे अवकाश होता. आपला 'मी' रस्त्यावर उतरून 'आम्ही' झालेला त्यांनी ऐकला नाही.