ऑपरेशन छोटं, मान अवघड

मानेतून श्वासनलिकेला छेद देऊन तिथे ट्यूब बसवायची, याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात. आम्हा कान-नाक-घसा सर्जन मंडळींना ती सवयीची. सगळं सरळ असेल तर अर्ध्या तासात उरकते. आयसीयूबाहेर नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, ऑपरेशन मोठं आहे का?’ ऑपरेशन छोटंच असतं. मी धास्ती घेतो ती पुढच्या आठवड्याची, आणि तो कसा जाईल हे बरंचसं पेशंटच्या शरीरावर ठरतं.

वयाची भीती सगळ्यांनाच वाटते. मी आधी मान बघतो. आखूड, जाड, मागे न वळणारी मान असली की पुढचं सगळंच अवघड. नेहमीच्या ट्यूबची लांबी आणि वळण ठरलेलं असतं. स्थूल माणसात कातडीपासून श्वासनलिकेपर्यंतचं अंतरच इतकं असतं की ट्यूबचं टोक आत जेमतेम पोचतं. मग चादर बदलताना किंवा एक्स-रेची प्लेट पाठीखाली सरकवताना ती निसटते. पहिल्या सात दिवसांत आतली वाट पक्की झालेली नसते. ट्यूब निघाली की मांस मिटतं. घाईघाईत परत घातलेली ट्यूब श्वासनलिकेच्या पुढ्यात, भलत्याच पोकळीत जाते. हवा कातडीखाली शिरते, मान फुगते, बोट दाबलं की चरचरते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी 2011 मध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभर पाहणी प्रसिद्ध केली. आयसीयूतल्या घटनांमध्ये निसटलेल्या ट्रेकिओस्टॉमी ट्यूब ठळकपणे पुढे आल्या, आणि त्यांत स्थूल पेशंट बरेच होते. म्हणून अशा मानेची मी आधी सोनोग्राफी करून अंतर मोजतो आणि लांब ट्यूब मागवून ठेवतो.

दुसरी धास्ती रक्तस्रावाची. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणारे हृदयरोगी असतातच. जास्त फसवतात ते किडनीचे पेशंट. रिपोर्टात प्लेटलेट भरपूर दिसतात, पण त्या नीट काम करत नाहीत. त्यात आदल्या दिवशी डायलिसिसला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असलं, तर ते केव्हा दिलं हे मी सिस्टरना विचारतोच.

तान्ह्या मुलांचं गणित वेगळं. त्यांच्या फुप्फुसांची टोकं मानेपर्यंत वर येतात, त्यामुळे छेद देताना त्यांच्या आवरणाला इजा होऊन छातीत हवा भरू शकते. ट्यूब काही मिलिमीटरचीच, कफाचा एक सुकलेला खडा ती बंद करायला पुरतो. मुलांमध्ये आम्ही छेदाच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका घालून त्याचे दोरे छातीवर चिकटवतो, वर ‘डावा’, ‘उजवा’ लिहितो. ट्यूब निघालीच तर दोरे ओढून श्वासनलिका वर आणता येते. आईला ते दोरे भयंकर दिसतात. मला त्यांचाच आधार वाटतो.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पुष्कळ. आधी रेडिएशन झालेलं असेल तर मान लाकडासारखी घट्ट होते, थर ओळखू येत नाहीत, जखमही सावकाश भरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत कफ जास्त. शिवाय ट्यूबमुळे श्वास नाकातून जात नाही, हवा कोरडीच आत येते आणि कफ चिकट होतो. म्हणून दमट हवा आणि वेळच्या वेळी सक्शन, यात हयगय नको. पेशंटला हाकही मारता येत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. त्याच्या हाताशी बेल ठेवा.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चालू गोळ्यांच्या पट्ट्या दाखवा. मानेचं जुनं ऑपरेशन, रेडिएशन, डायलिसिस, सगळं सांगा. न विचारताही सांगा. आणि पहिल्या आठवड्यात ट्यूब निघाली तर ती स्वतः आत ढकलू नका, त्याच क्षणी ओरडून सिस्टर-डॉक्टरांना बोलवा.