दोन पानांचे गृहस्थ

हे रेझ्युमेराव. मुक्काम लॅपटॉपच्या 'डाउनलोड्स'मध्ये, नाव बहुधा 'फायनल न्यू ३'. घरची मंडळी त्यांना अजून बायोडेटाच म्हणतात, त्यामुळे लग्नं जमवणाऱ्या चुलतभावाशी त्यांची कायम गल्लत होते. त्या भावाच्या सवयी यांच्याही अंगात मुरल्यात. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, 'अविवाहित', छंद वाचन आणि संगीत ऐकणे, हे सगळं ते नोकरी मागायला गेल्यावरही न विचारता सांगतात. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी शपथ, स्थळ, दिनांक आणि सहीसाठी रेघ. सरकारी अर्जात हे लागतं. खासगी कंपनीत तेवढ्याच जागेत एखाद्या कामाबद्दल दोन ओळी मावल्या असत्या.

बोलायला तोंड उघडलं की पहिलं वाक्य उसनं. 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याची इच्छा' हे सीनियरच्या फाइलमधून ज्युनिअरच्या फाइलमध्ये उतरत आलेलं इंग्रजी वाक्य त्यांना तोंडपाठ आहे. आपल्याला काय हवं, हे त्यात आहे. समोरच्याची कुठली अडचण आपण सोडवू, हे नाही.

त्यांच्या घराण्यात एक थोर पूर्वज होऊन गेला. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागणारं पत्र लिहिलं. मिलानवर लढायांचं सावट होतं, म्हणून त्यात आधी काय, तर हलके आणि झटकन उचलून नेता येतील असे पूल, तटबंदी फोडायच्या युक्त्या, तोफा, चिलखती गाड्या. शांततेच्या काळात इमारती, शिल्पं आणि चित्रंही करू शकतो, हे सांगितलं अगदी शेवटी. ज्याच्यापुढे अर्ज ठेवायचा, त्याची गरज आधी ओळखायची, एवढं शहाणपण या घराण्यात पाचशे वर्षांपूर्वी होतं. आजचे रेझ्युमेराव मात्र बँकेलाही तेच पान पाठवतात आणि शाळेलाही तेच.

नटण्याची हौस दांडगी. डावीकडे रंगीत पट्टी, गोलात फोटो, 'इंग्रजी'पुढे पाचातले चार तारे. चौथा तारा कुणी दिला आणि पाचवा का अडवला, कोण सांगणार? शिवाय मोठ्या कंपन्यांत अर्ज माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने असले की काही सॉफ्टवेअर आडवं वाचत सुटतं आणि पदवी पत्त्याला चिकटते. पानाच्या अगदी वरच्या हेडरमधला फोन नंबर काहींना दिसतच नाही. खात्री करायला सोपी युक्ती आहे: सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. तिथे सरळ वाचता आला, तर बहुतेक ठिकाणी निभावतो. साध्या, एका रकान्याच्या कपड्यांत हे गृहस्थ खरं तर फार रुबाबदार दिसतात.

पण त्यांचा खरा स्वभाव कळायचा तर त्यांचा लाजाळूपणा पाहायला हवा. विशेषणांत ते वाघ असतात: मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. कामाचं विचारलं की मान खाली. चाकणच्या एका कारखान्यातल्या डिप्लोमावाल्या मुलाच्या रेझ्युमेवर एवढंच होतं: 'मेंटेनन्सचे काम पाहिले.' शेजारी बसून खोदून खोदून विचारलं, तेव्हा हळूहळू गोष्ट बाहेर आली. पावसाळ्यात लाइन सारखी बंद पडायची. याने प्रत्येक बिघाडाची तारीख आणि वेळ वहीत टिपायला सुरुवात केली. त्यातून कारण कळलं: दमट हवेमुळे कॉम्प्रेसरमध्ये पाणी जास्त साचतं. ड्रेन वेळेवर उघडला नाही, तर ते हवेच्या पाइपांतून पुढे जाऊन सिलिंडर अडकवतं. याने दर शिफ्टला ड्रेन तपासायचा तक्ता लावला आणि त्या कारणाने लाइन थांबणं जवळजवळ बंद झालं. 'हे काय लिहायचं, ते तर कामच होतं,' असं त्याचं म्हणणं. अहो, तेच तर लिहायचं! काय अडत होतं, मी काय केलं, त्याने काय बदललं. या तीन गोष्टी दोन ओळींत आल्या आणि 'मेहनती' हा शब्द आपोआप गळून पडला.

बारा वर्षं बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या, बँकेत कर्जासाठी बोलणी करणाऱ्या बाईंच्या रेझ्युमेवर त्या वर्षांपुढे नुसतं 'गृहिणी' असतं, तेव्हा मला या सद्गृहस्थांचा मनापासून राग येतो.

उलटा दोषही आहे. एक्सेल जेमतेम उघडता येत असताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' लिहून बसतात आणि पिव्होट टेबलचा पहिलाच प्रश्न आला की मालकाला घाम फुटतो.

त्यांना एक धाकटी बहीण आहे, ऑनलाइन प्रोफाइल. लिंक्डइन २००३पासूनचं, त्याआधी १९९७मध्ये आपल्याकडे नोकरी डॉट कॉम सुरू झालं. तेव्हापासून ही बाहेर वावरते. स्वभाव बोलका, पण वेंधळा. फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच. नावाखालची ओळ सगळ्यात आधी वाचली जाते, तिथे नुसतं 'इंजिनिअर'; कशातला, कुठल्या यंत्रांवरचा, ते विचारायला कुणी थांबत नाही. नोकरी जाईपर्यंत ही झोपलेली असते. नोकरीच्या पोर्टलवर गेल्या काही दिवसांत कोण सक्रिय होतं अशी चाळणी रिक्रूटर लावतात, तेव्हा ती त्यातून गळून जाते.

बहीणभावाचं पटत नाही, हे सगळ्यात वाईट. भाऊ म्हणतो जूनमध्ये नोकरी सोडली, बहीण म्हणते ऑगस्टमध्ये. एचआरवाले दोघांना शेजारी शेजारी उघडून बघतात. दोन महिन्यांच्या फरकामागे बहुतेक वेळा साधा विसरभोळेपणाच असतो, पण संशय तिथूनच सुरू होतो. म्हणून एकाला हात लावला की त्याच बैठकीत दुसरीलाही हात लावा.

रेझ्युमेरावांची सोबत मुलाखतीच्या दारापर्यंतच. आत त्यांची प्रत टेबलावर पसरलेली असते आणि कुणीतरी पेनने एका ओळीखाली रेघ मारून म्हणतं, 'याबद्दल जरा सांगा.' ती ओळ कुठली असेल, हे आधी कळत नाही. तेव्हा आज रात्री दोन्ही पानं मोठ्याने वाचा, आणि जिच्यावर पाच मिनिटं बोलता येत नाही ती ओळ काढून टाका.